कापसाचा मोठा चेक भरण्याआधी

मोबाइलवरून पैसे पाठवायला रोजची मर्यादा असते, म्हणून कापसाची मोठी रक्कम व्यापारी चेकने देतात. तो भरण्याआधी आपलं खातं कोणत्या प्रकारचं आहे, हे शाखेत विचारा. पूर्ण केवायसी (ओळख आणि पत्त्याची तपासणी) न करता उघडलेल्या ‘छोट्या खात्यात’ 50,000 च्या वर शिल्लक आणि आर्थिक वर्षात 1 लाखाच्या वर जमा चालत नाही. जनधनची काही खाती अशीच उघडलेली आहेत. दीड लाखाचा चेक तिथे अडकतो, तेव्हा केवायसी आधी पूर्ण करा.

चेकवर नाव पासबुकाप्रमाणे हवं, खाडाखोड नको. तारखेपासून 3 महिन्यांत भरायचा. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेषा मारून ‘ए/सी पेयी’ लिहा, म्हणजे हरवला तरी दुसऱ्याच्या खात्यात जाणार नाही. रक्कम 5 लाख किंवा जास्त असेल तर व्यापाऱ्याने आपल्या बँकेला ‘पॉझिटिव्ह पे’मध्ये चेकचा तपशील कळवला का, हे विचाराच. नाहीतर चेक परत येऊ शकतो.

चेक पेटीत टाकू नका. खिडकीवर द्या आणि स्लिपच्या पावतीवर शिक्का घ्या. तो बँकेला नाकारता येत नाही. पैशांअभावी चेक परत आलाच, तर बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून 30 दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे.