झोन बदल आणि डीपीतले (शहराच्या विकास आराखड्यातले) फेरबदल: या चुका टाळा

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला म्हणजे झोन, म्हणजे जमिनीचा आराखड्यात ठरलेला वापर, बदलला, ही सर्वात महागात पडणारी समजूत. त्या ठरावाच्या झेरॉक्सवर इसार देऊन बसलेले लोक महाराष्ट्राच्या प्रत्येक वाढत्या शहरात भेटतात. ठरावाने प्रक्रिया फक्त सुरू होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 प्रमाणे पुढे राजपत्रात सूचना निघते, एक महिन्यात हरकती मागवतात, सुनावणी होते आणि प्रस्ताव शासनाकडे जातो. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन तो मंजूर करते, बदलून मंजूर करते किंवा फेटाळते. मंजुरीची अधिसूचना हातात येईपर्यंत जमीन जुन्याच झोनमध्ये आहे असे धरून चाला.

अर्ज करण्याआधी गाव कुठल्या आराखड्यात येते ते पाहा. ते प्रादेशिक योजनेत असेल तर कलम 37 लागू नाही. तिथे कलम 20 खाली शासन फेरबदल करते. नगरपालिकेच्या खिडकीवर चकरा मारून काही होत नाही.

नुसता झोन दाखला पुरत नाही. ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती’ एवढ्या ओळीवरून रेषा कुठून जाते ते कळत नाही. जोडीला भाग नकाशा, म्हणजे आराखड्याचा आपल्या जागेपुरता उतारा, घ्या. त्यावर बहुधा सर्व्हे नंबर असतो, पोटहिस्सा नसतो, त्यामुळे आपला हिस्सा रेषेच्या कुठल्या बाजूला पडतो ते भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशाशी जुळवल्याशिवाय ठरत नाही. आणि वाद फक्त हद्दरेषेचाच असेल तर फेरबदलाचा लांबचा रस्ता धरू नका. शंकास्पद हद्द निश्चित करण्याचा अधिकार विकास नियंत्रण नियमावलीने नियोजन प्राधिकरणालाच (नगरपालिका किंवा तशी संस्था) दिला आहे.

हरकत तोंडी सांगून उपयोग नाही. नव्या प्रारूप आराखड्यावर हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. सर्व्हे नंबर, नकाशावर खूण, सातबारा आणि नेमकी मागणी लिहून द्या, पोच घ्या. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला काही करता येत नाही. ‘रस्ता अमुक हद्दीलगत सरकवावा, कारण मधे जुनी विहीर आहे’ असे लिहिले की तिला नेमकी शिफारस करता येते.

आरक्षणाबाबत, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जमिनीबाबत: अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो. पण मालकी किंवा हितसंबंधाची कागदपत्रे सोबत नसतील तर नोटीस तिथेच अडते. नोटिशीनंतर संपादनाची पावले उचलायला पूर्वी प्राधिकरणाला 12 महिने मिळत, 2015 च्या दुरुस्तीपासून 24 मिळतात; जुन्या मुदतीवर हिशेब मांडू नका. त्या मुदतीत काही न झाल्याने आरक्षण व्यपगत झाल्यावर (संपल्यावर) तसा आदेश राजपत्रात निघाला का तेही तपासा, नाहीतर बांधकाम परवानगीच्या टेबलावर तोच नकाशा पुन्हा समोर येतो.

बिनशेती आणि झोन बदल यांची गल्लत तर रोजची. महसूल खात्याने दिलेल्या बिनशेती आदेशाने डीपीवरचा रंग बदलत नाही.