जागा बदलली की आधी आयएसओ बघ: मॅन्युअल मोडवर माणसं टिपायला शिकताना

सहा वर्षं झाली ह्या लाइनीत, आणि अजूनही कुणी नवीन पोरगं गळ्यात कॅमेरा अडकवून भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, लग्नात काय सेटिंग ठेवता?" मी पण हाच प्रश्न विचारत फिरायचो, वहीत आकडे लिहून ठेवायचो, हॉलमध्ये एवढं, उन्हात एवढं, आणि ती वही काही कामाला आली नाही हे आधीच सांगून टाकतो.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात विषय राहिले तेव्हा घरच्यांशी भांडून कॅननचा ७००डी सेकंडहॅन्ड घेतला, सोबत १८-५५ किट लेन्स, आणि अण्णांकडे असिस्टंट म्हणून लागलो. अण्णा म्हणजे आमच्या पेठेतले जुने फोटोग्राफर, रोल भरायच्या काळापासूनचे. दिवसाला ५०० रुपये आणि जेवण. काम काय तर लाइट धरायची, सेल चार्ज करायचे, बॅग सांभाळायची. तीन महिन्यांनी अण्णा म्हणाले आता तू पण काढ, साइडचे फोटो, पाहुण्यांचे. रात्री रिसेप्शनला मी बऱ्यापैकी फोटो काढले, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा, ३२०० ला होता, हॉलमध्ये उजेड कमीच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या पार्टीची हळद, घराच्या गच्चीवर, ऊन चांगलंच आलेलं. मी वहीत बघून शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) लावलं, अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं) लावलं, दोन्ही बरोबर होतं, फक्त आयएसओ रात्रीचाच राहिला. आता १०० वरून ३२०० म्हणजे पाच स्टॉप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे पाहिजे त्याच्या बत्तीसपट उजेड. स्क्रीनवर फोटो पांढरे दिसत होते पण मला वाटलं उन्हामुळं स्क्रीन दिसत नाहीये. चाळीस-एक फोटो. नवरीच्या आजी हळद लावतायत आणि त्यांच्या तोंडावर फक्त कुंकू आणि नथ, बाकी चेहराच नाही, पांढरा कागद. जेपीईजीमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानंच दाबून तयार केलेल्या फाइलीत काढलेले, त्यामुळं नंतर काय पण करून परत येणार नव्हतं. अण्णांनी दुकानात कॉम्प्युटरवर बघितले, दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "का बे, आयएसओ बघायला तुझा मामा येणार होता का?"

तेव्हापासून हात कॅमेऱ्यावर गेला की पहिला आयएसओ बघायचा. जिना उतरलो, बघा. हॉलमधून बाहेर आलो, बघा. आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचा सगळा कच्चा माल ठेवून काढा, कार्ड जरा लवकर भरतं, भरू दे.

आता खरं काम. अण्णांनी मला क्रम शिकवला तो असा, आधी माणूस काय करतोय ते बघ, त्यावरनं शटर. मग किती माणसं आहेत ते बघ, त्यावरनं अपर्चर. उरलेलं जे काय कमी पडतंय ते आयएसओनं भर. लोक उलटं करतात, आयएसओ कमी ठेवायचा हट्ट धरतात कारण कुठंतरी व्हिडिओत ऐकलेलं असतं की आयएसओ वाढला की फोटो फाटतो, मग शटर १/३० सेकंदावर येतं आणि सगळे फोटो हललेले. दाणेदार फोटो गिऱ्हाईक घेतो हो, हललेला घेत नाही. निवांत बसलेल्या माणसाला १/१२५ पुरतं, बोलत हसत असलेल्याला १/२००, नाचणाऱ्याला १/२५० च्या पुढं, आणि पळणारं पोरगं असेल तर सरळ १/५००. शिवाय लेन्स जेवढी लांबची तेवढं शटर वर पाहिजे, ७००डी सारख्या लहान सेन्सरवर ५० ची लेन्स ८० सारखी वागते, म्हणून तिच्यावर १/८० च्या खाली जाऊच नका, हात कितीही स्थिर असला तरी.

अपर्चरचं म्हणाल तर एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं, एकट्याचा फोटो एफ २ किंवा २.८ ला मस्त येतो, मागचं सगळं विरघळतं. पण मी ५० ची १.८ लेन्स घेतल्यावर महिनाभर सगळंच १.८ ला काढत सुटलो, एका जोडप्याच्या फोटोत नवरा अर्धं पाऊल पुढं होता, तो शार्प आणि बायको धुक्यात. तिनं विचारलं, "माझी लेन्स वेगळी होती का?" दोघं असतील तर एफ ४, दोन रांगांचा ग्रुप असेल तर ५.६ ते ८, आणि फोकस पुढच्या रांगेवर. किट लेन्सवाल्यांसाठी एक खोड सांगून ठेवतो, १८ ला तुम्ही ३.५ लावलंय आणि झूम करून ५५ वर गेलात की ते आपोआप ५.६ होतं, मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हातानं लावत असाल तर फोटो गुपचूप सव्वा स्टॉप काळा पडतो आणि तुम्ही शोधत बसता काय बिघडलं.

आणि हे सगळं करायच्या आधी उजेड बघायचा, तो पण मागचा नाही, चेहऱ्यावरचा. ह्यासाठी माझी एक सवय आहे, समोरच्याच्या तोंडाजवळ माझा तळहात धरतो, तोंडावर जो उजेड पडतोय तोच हातावर पडेल असा, आणि हाताला फिरवून बघतो, कुठल्या बाजूला तो उजळतो, कुठं काळा पडतो. मग स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणं, तळहातावर करून कॅमेऱ्यातल्या मीटरचा काटा प्लस १ ला आणतो. कारण तळहात हा मीटरला जो करडा रंग माहिती आहे त्याच्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, माणूस गोरा असो की सावळा, तळहातात फार फरक नसतो. लोकं बघतात की हा हात का नाचवतोय, बघू दे.

मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, पारा ४३ ला टेकलेला आणि अक्षता दुपारी साडेबाराच्या. अशा उन्हात एक जुना हिशोब चालतो, एफ १६ ला शटर आयएसओच्या उलट, म्हणजे आयएसओ १०० तर १/१००. तोच उजेड एफ ४ ला पाहिजे असेल तर चार स्टॉप, १/१६००. हिशोब बरोबर, फोटो मात्र घाण. ऊन डोक्यावरनं पडतं, डोळ्यांच्या खोबणीत काळं, नाकाखाली मिशीसारखी सावली, आणि माणूस डोळे मिचकावतोय. सेटिंगनं हे सुटत नाही, माणसाला हलवायला लागतं. कार्यालयाच्या बाहेर कडुलिंब असतोच कुठंतरी, त्याच्या सावलीत न्या, पण पानातनं गळणारे उन्हाचे ठिपके तोंडावर नकोत, म्हणून सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडं करून उभं करा. तिथं आयएसओ १००, एफ ४, १/२०० च्या आसपास येतं. सावलीतला उजेड निळसर असतो, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सावरायची सेटिंग, शेडवर टाका, कातडी लगेच जिवंत होते.

मला विचाराल तर सगळ्यात सुंदर उजेड दाराचा. विडी घरकुलात, म्हणजे सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत, एका ओळखीच्यांकडं गेलो होतो, मावशी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या, पाठीमागं घरात अंधार आणि समोरनं गल्लीतला मोकळा उजेड तोंडावर, बोटांवर. मी काही सांगितलं नाही, फक्त म्हणालो मावशी चालू द्या. आयएसओ ४००, एफ २.८, १/१२५. मीटरला वाटत होतं फोटो काळा पडणार, कारण मागची अंधारी खोली फ्रेममध्ये जास्त होती आणि कॅमेरा सगळंच करडं करायला बघतो, त्याचं ऐकलं असतं तर खोली उजळून चेहरा उडाला असता. काटा मायनस दीडवर ठेवून काढला. तेंदूच्या पानाच्या शिरा दिसतायत त्यात, कात्रीची धार चमकतीय, आणि मावशींच्या कपाळावरची घामाची ओळ. दारापासून त्या दोन हात आत सरकल्या की तोच उजेड निम्म्यावर येतो, हे करून बघा, घरातल्या कुणालातरी खिडकीशी बसवा आणि एकेक हात मागं सरकवत फोटो काढा, सेटिंग न बदलता. पंधरा मिनिटात जे कळतं ते कुठल्या कोर्समध्ये कळणार नाही.

ह्याच्या बरोबर उलट गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत. संक्रांतीच्या दिवसात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, सात नंदीध्वज, उंच काठ्यांचे, आणि पेलणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंद बांधायच्या अंगरख्यात. चारी बाजूला पांढरं. कॅमेऱ्याला वाटतं लई उजेड आहे आणि तो मन मारून फोटो करडा करतो, बाराबंदी मळकट आणि चेहरे काळे. तिथं काटा प्लस १ ला न्यायचा, पण पांढऱ्यातले धागे जळायला नकोत म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते बघायचं. मान वर करून ध्वज पेलणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या असतात, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणताना तोंड उघडं असतं, ते पाहिजे असेल तर १/५०० च्या खाली नको. रात्री हॅलोजनमध्ये तेवढं जमत नाही, मग १/२५०, एफ २, आयएसओ ३२००. दाणे येतात, येऊ द्या.

ट्यूबलाइट आणि एलईडीचं दुखणं वेगळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तसला दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही पण शटर वर नेलं की कळतं. अक्कलकोट रोडला एका यंत्रमाग कारखान्यात कामगारांचे फोटो काढताना माग हलतोय म्हणून मी १/५०० लावलं, तर एक फोटो उजळ, एक काळा, एकावर आडवे पट्टे. अर्धा तास कॅमेरा बिघडला म्हणून घाम फुटला. १/१०० ला आणलं की सगळं सरळ, धोटा हलला पण चेहरा थांबला, आणि फोटो उलट छान दिसला.

हॉलमधल्या स्टेजवर व्हिडिओवाल्याची लाइट असेल तर आयएसओ १६००, एफ २.८, १/१२५ पासून सुरुवात करा आणि तिथनं पुढं मागं व्हा. व्हिडिओवाल्याशी दोस्ती ठेवा, त्यानं लाइट फिरवली की तुमचं सगळं सेटिंग गेलं. फ्लॅश मारणार असाल तर एवढं डोक्यात ठेवा, फ्लॅशचा उजेड अपर्चरनं आणि फ्लॅशच्या पॉवरनं कमीजास्त होतो, मागच्या हॉलचा उजेड शटरनं. शटर १/२०० वरनं १/६० ला आणलं की नवरानवरीवर तेवढाच फ्लॅश, पण मागची सजावट उजळते. १/२०० च्या वर माझ्या कॅमेऱ्यात साधा फ्लॅश चालत नाही, खाली काळी पट्टी येते. फ्लॅश तोंडावर सरळ मारू नका, छताला मारा, मात्र आधी छत कसलं आहे ते बघा. मी एकदा मान वर न करता छताला मारत राहिलो, वर गुलाबी कापड होतं, सगळं वऱ्हाड गुलाबी.

हळदीला पिवळा मांडव, पिवळे कपडे, पिवळी तोंडं, ऑटो व्हाइट बॅलन्स बिचारा गडबडतो आणि पिवळं मारायला जाऊन माणसं आजारी दिसतात. पांढरा टॉवेल नवऱ्याच्या तोंडाशी धरून त्याचा फोटो घ्या आणि कस्टम व्हाइट बॅलन्सला तो द्या, आपल्या गावात पांढऱ्या टॉवेलाची कमी नाही. पार्टीतल्या लाल-निळ्या डीजे लाइटला मात्र काही उपाय नाही, लाल उजेडात चेहऱ्याचा सगळा तपशील एकाच रंगात जळतो, म्हणून एक स्टॉप कमी ठेवायचा आणि लाइट पांढरी व्हायची वाट बघायची, नाहीतर फ्लॅश.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर प्री-वेडिंगवाले सूर्य पाठीमागं घेऊन उभे करतात. तिथं ठरवायला लागतं, आभाळ पाहिजे की चेहरा. मी चेहरा घेतो, एफ २.८, १/४००, आयएसओ १०० नं सुरू करतो आणि ऊन उतरेल तसा दर पाच मिनिटांनी आयएसओ चढवत जातो, कारण त्या अर्ध्या तासात उजेड कुणासाठी थांबत नाही. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास नको, अंधार पडला की तीच स्क्रीन झगझगीत वाटते आणि काळे फोटो पण उजळ दिसतात, घरी गेल्यावर रडायची पाळी.

कामाचं विचाराल तर पहिलं वर्ष कुणाच्या तरी हाताखाली काढा, एकट्यानं लग्न घेऊ नका, ती मंगळाष्टकं परत होत नसतात. बारशी, डोहाळजेवण, साखरपुडे घ्या आधी, वेळ मिळतो, लोकं थांबतात. मॅन्युअल जमेना तर शटर आणि अपर्चर स्वतः लावून आयएसओ ऑटोवर सोडायला लाजू नका, घाईत मी आजपण सोडतो, फक्त कमाल मर्यादा ६४०० वर बांधून ठेवतो.

ती गच्चीवरची आजी मला मागच्या वर्षी नातवाच्या लग्नात परत भेटली. ओळखलं नाही तिनं. मी अण्णांसारखं आधी आयएसओ बघितला, १००, मग तिला सावलीच्या कडेला खुर्ची दिली, तळहात तिच्या गालाशी धरला, तर ती म्हणाली, "काय रं, ताप बघतोस काय?"