एकोणिसाव्या शतकातील नक्षीदार काचेचे भांडे कसे पारखावे

जुने नक्षीदार काचेचे भांडे हाती आले की नजर आधी रंगावर जाते. पण पारख नक्षीच्या कडांपासून सुरू करावी, कारण भांडे कसे घडले हे तिथेच कळते. भांडे मऊ कापडावर ठेवून बोटाचे टोक नक्षीवरून हलके फिरवावे. चाकावर कापलेल्या पैलूंच्या कडा बोटाला धारदार लागतात. साच्यात दाबून घडवलेल्या काचेच्या कडा मात्र काहीशा गोलसर असतात आणि भांडे उजेडात तिरके धरले, तर साच्याचे भाग जुळल्याची बारीक रेघही बहुधा दिसते. मग आतून हात फिरवावा. दट्ट्याने दाबलेले भांडे आतून सहसा गुळगुळीत असते, तर साच्यात फुंकलेल्या भांड्यात बाहेरच्या नक्षीचे चढउतार आतही जाणवतात.

दाबलेली काच म्हणजे हलका माल, असे मुळीच समजू नये. डेमिंग जार्व्हिस यांनी १८२५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील सँडविच येथे कारखाना काढला. तिथल्या लेससारख्या नक्षीच्या बशांची पार्श्वभूमी इतक्या बारीक ठिपक्यांनी भरलेली असे, की प्रकाश त्यांवर चमचमत राही आणि थंड साच्यामुळे काचेवर आलेला मंदपणाही त्यात झाकून जाई. अशी बशी भिंगाखाली सावकाश पाहण्याजोगी असते.

भांड्याला तडा नसेल, तरच काठावर हलकी टिचकी मारावी. शिसेयुक्त काचेचा नाद बराच वेळ घुमतो. अमेरिकेतील व्हीलिंग येथे विल्यम लेटन यांनी १८६४ मध्ये सोडा-चुन्याच्या स्वस्त काचेचे सुधारित मिश्रण सिद्ध केल्यावर अनेक अमेरिकी कारखाने तिकडे वळले. त्या काचेचा नाद लवकर विरतो.

ब्रिटिश भांड्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणीखूण आहे का, हे जरूर शोधावे. ती १८४२ ते १८८३ या काळात वापरली जाई. काचेसाठी तिच्या माथ्यावरील वर्तुळात रोमन तीनचा आकडा असतो. वर्षाचे अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात, तर १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात येते. मात्र ती तारीख नमुन्याच्या नोंदणीची असते, भांडे घडवल्याची नव्हे.

शेवटी बूड भिंगाखाली पाहावे. वर्षानुवर्षांच्या वापराचे ओरखडे निरनिराळ्या दिशांना आणि टेकणाऱ्या भागावरच असतात. ते सगळे समांतर किंवा खोलगट भागातही दिसले, तर कोणीतरी मुद्दाम घासून जुनेपण आणल्याचा संशय घ्यावा.