सागवानी टीपॉय आणि श्रावणात न अडकणारा खण

मोबाईलवर टेबल बनवायचे जे व्हिडिओ येतात, त्यांत लाकूड ओकचं असतं. आमच्या राळेगावकडे आरामशीनवर ओक मागून पहा, माणूस तोंडाकडे पाहत राहील. आपल्याकडे सागवान आहे भाऊ, आणि या कामाला ते झकास. नवीन घेतलं तर पक्कं बिल घ्या. त्यापेक्षा गावात कोणाचं कवेलूचं घर उतरत असेल तर तिथे आधी पोचा. जुनी मयाल, दाराच्या चौकटी वाळून खडंग झालेल्या असतात. रंधा लावण्याआधी तेवढं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लाकडावरून फिरवा. आत एक खिळा राहिला की पात्याची धार गेलीच. कडेचा पांढुरका भाग कापून टाका. किडा न् उधई तिथूनच घुसते.

वरचा पाट 36 बाय 20 इंच, उंची 16. पाय पावणेदोन इंच चौरस. पाय जोडणारी मागची आणि बाजूंची पट्टी 5 इंच रुंद, पाऊण इंच जाड. समोर खणाला जागा पाहिजे, म्हणून तिथे पाऊण इंची दोन पट्ट्या आडव्या निजवायच्या, एक वर, एक खाली. मधे साडेतीन इंच उरतात.

पायात खाच, पट्टीला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पट्टी सहा सूत जाड, तर कुसू दोन सूत जाड आणि इंचभर लांब. खाच आधी पाडा, मग कुसू पटाशीने तासत तिच्या मापाला आणा. ते हाताच्या दाबाने बसलं पाहिजे. पायाच्या आत दोन कुसू एकमेकांना भिडतात, तिथे टोकं तिरपी कापा. सागवान तेलकट, म्हणून फेविकॉल लावण्याआधी जोड थिनरने पुसा. जोड आवळून धरणारे शिकंजे नसतील तर चौकटीभोवती दोरी गुंडाळून काडीने पीळ द्या. दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. सारखे भरले की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे.

आता खण. आमच्या गावचा वाढई, म्हणजे सुतार, सांगाड्याआधी खण बनवणाऱ्याला बह्याड म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. सांगाडा वाळल्यावर जी जागा प्रत्यक्षात निघेल, तिचंच माप घ्या. बाजूच्या पट्ट्या अर्धा इंच जाड, तळाला खाचेत सरकवलेला 6 मिलीमीटर प्लाय. लाकूड रेषांच्या लांबीत जवळपास फुगत नाही, रुंदीत फुगतं. म्हणजे खण आडवा वाढत नाही, उंचीत वाढतो. मे महिन्यात काम करत असाल तर वर पूर्ण एक सूत मोकळं ठेवा, भर पावसाळ्यात अर्धं पुरे. दोन्ही बाजूंना अर्धं सूत केव्हाही चालतं. खाली सरकायला दोन पट्ट्या, आणि वरही दोन, नाहीतर खण बाहेर ओढला की तोंड खाली टाकतो. घासणाऱ्या जागी मेणबत्ती फिरवा. खण सरकवायचा लोखंडी चॅनेल लावायचा मोह नको. दोन्हीकडचा अर्धा-अर्धा इंच खातो.

वरच्या पाटाचंही तेच. 20 इंच रुंदी पावसाळ्यात दोन सुतांपर्यंत वाढू शकते. पाट सांगाड्याला चिकटवला तर उन्हाळ्यात चिरतो. आतून एल-पट्ट्या लावा, आखूड बाजूंच्या आणि मागच्या एल-पट्ट्यांची भोकं पाटाच्या रुंदीच्या दिशेने कानशीने लांबट करा, स्क्रू अगदी आवळू नका.

पॉलिश पेपर 120 चा, मग 220 चा, रेषांच्या दिशेनेच. शेवटी जवसाचं तेल, पण हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉईल्ड. घाण्याचं जेवणातलं तेल आठवडे चिकट राहतं. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी पुसा, दुसऱ्या दिवशी परत.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल वाळताना तापतं, चिंध्या आपोआप पेट घेतात. आपल्याकडे दिवाळीनंतर घरातच कापसाची गंजी असते. चिंध्या अंगणात तारेवर पसरून कडक वाळवा, मगच टाका.