महामार्गावर गार, कोंडीत कोमट
निपाणीहून बेळगावला येताना महामार्गावर माझ्या 2009 सालच्या गाडीचा एसी व्यवस्थित गार हवा देई. मात्र गोगटे सर्कलजवळच्या कोंडीत गाडी थांबताच झोत कोमट होई. गॅरेजमध्ये गॅस भरण्याचा सल्ला मिळाला, पण गॅस फारच कमी असता तर चालत्या गाडीतही थंडावा घटला असता, असे मला वाटले. बॉनेट उघडले, तेव्हा एसी चालू असूनही कंडेन्सरचा, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा फिरत नव्हता. धावत्या गाडीत समोरच्या वाऱ्याने त्याचे काम भागे, थांबल्यावर नाही. फ्यूज शाबूत होता. पंख्याच्या रिलेच्या (त्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) जागी त्याच क्रमांकाचा शेजारचा रिले अदलाबदल करून लावताच पंखा सुरू झाला. नवा रिले बसवला आणि उसाच्या हंगामातील धूळ व पाचटाने बुजलेला कंडेन्सर, त्याच्या नाजूक पत्र्या वाकू नयेत म्हणून, पाण्याच्या मंद धारेने धुतला. गाडीत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टरही बदलला. तो किती काळा होता, हे सांगण्याची लाज वाटते.