मराठीचा घात की फाँटचा दोष? तक्रार करण्याआधी या चुका टाळा

गोव्यातील आमच्या अंत्रुज महालातील (म्हणजे फोंडा तालुक्यातील) एका देवस्थानच्या भजनी सप्ताहाची पत्रिका गेल्या वर्षी व्हॉट्सॲप गटावर आली, तेव्हा देवाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि अर्धविराम यांची रांग दिसत होती. एका ज्येष्ठ महाजनांनी लगेच ‘मराठी मुद्दाम पुसली जात आहे’ असे लिहिले, एका कोकणीप्रेमी तरुणाने तितक्याच तिखट शब्दांत उत्तर दिले, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत वाद गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाला जाऊन भिडला. दोघे गट सोडून गेले. पत्रिका करणाऱ्या छापखान्यात जुना फाँट वापरला होता, एवढेच त्यामागचे कारण होते.

गोव्यात भाषेचा प्रश्न जिवाभावाचा आहे आणि तो तसाच असायला हवा. म्हणूनच यंत्राच्या बिघाडाला कारस्थान समजणे ही पहिली चूक मला फार महागाची वाटते, कारण खऱ्या अन्यायासाठी राखून ठेवायचा संताप आपण भलत्याच ठिकाणी खर्च करून बसतो. जुन्या फाँटच्या फाइलमध्ये ‘क’ हे अक्षर साठवलेलेच नसते. एखाद्या रोमन अक्षराच्या घरात ‘क’चे चित्र बसवलेले असते. तो फाँट ज्या संगणकावर आहे तिथे मराठी दिसते, जिथे नाही तिथे मूळची रोमन अक्षरे उघडी पडतात. १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि देवनागरीसाठी १२८ जागांचा विभाग राखलेला आहे. छापखान्याला काम देतानाच मजकूर युनिकोडमध्ये हवा असे सांगावे, गटावर पाठवायची प्रत पीडीएफ करून पाठवावी आणि मूळ मजकूर वेगळा जपून ठेवावा, कारण पीडीएफमधून मराठी उचलून दुसरीकडे चिकटवली की ऱ्हस्व वेलांटी आणि रफार बहुधा जागा सोडतात. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर त्या ओळीओळीने तपासाव्या लागतात. त्याला पर्याय नाही.

दुसरी चूक गावांच्या नावांची आहे आणि ती खास आपल्या गोव्याची आहे. आपल्या गावांची रोमन लिपीतील नावे पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. त्यांच्या शेवटी येणारे ‘एम’ हे अक्षर तिथे केवळ अनुनासिकाची खूण म्हणून आले आहे. रोमनवरून आपोआप देवनागरी करणाऱ्या यंत्रणेला हा इतिहास माहीत नसतो, म्हणून ती सांग्याचे ‘सांगेम’, केप्याचे ‘क्वेपेम’, शिवोलीचे ‘सिओलिम’ आणि डिचोलीचे ‘बिचोलिम’ करते. आडनावांचेही तसेच होते. रोमनमधला ‘ए’ हा अ आहे की आ, हे यंत्राला कळत नाही आणि कामत यांचे ‘कमत’ होऊन बसते. असे नाव एकदा एखाद्या दाखल्यावर चढले की ते उतरवताना माणूस मेटाकुटीस येतो. म्हणून रोमन नाव भरल्यावर शेजारच्या रकान्यात आपोआप उमटलेले देवनागरी नाव न वाचता पुढे जाऊ नये. ते पुसून हाताने टंकावे. शिरोडकर आणि शिरोडकार यांतले कोणते रूप आपल्या इतर कागदांवर आहे, तेही एकदा पाहून घ्यावे. मराठी आणि कोकणी ही दोन्ही रूपे शुद्धच आहेत, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे ठरतात.

मराठी, कोकणी आणि हिंदी यांचा अक्षरविभाग एकच असल्यामुळे मजकुराची भाषा कोणती, हे संगणकाला वेगळे सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटू शकतात, आणि अंध वाचकाचे वाचनयंत्र आपली मराठी हिंदी उच्चारांत वाचण्याचा संभव असतो. याच कारणाने मराठीचा शुद्धलेखन तपासनीस कोकणीतल्या ‘म्हजें’ला लाल रेघ ओढतो. माझ्या एका कोकणी लेखक मित्राला तो आपल्या भाषेचा अपमान वाटला होता. दस्तऐवजाची भाषा बदलल्यावर रेघा गेल्या. रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांचा त्रास याहून मोठा आहे, कारण त्यांचे प्रत्येक वाक्य फोन इंग्रजी समजून दुरुस्त करायला जातो.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक जपणारा र दोन प्रकारे साठवला जातो: कुठे स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) लावून, तर कुठे साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखेच असल्यामुळे ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द शोधूनही यादी रिकामी आली, तर योजना बंद झाली असे न समजता ‘शेतक’ एवढेच टाकून पुन्हा शोधावे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ दाबले की ‘ऱ’ मिळतो. सर्वांनी तोच वापरावा, असे माझे मत आहे.

बिघाडाला कारस्थान समजण्याच्या अगदी उलट, म्हणजे माणसाच्या निर्णयाला यंत्राचा बिघाड समजण्याची चूकही आपण करतो, आणि ती मला अधिक बोचते. एका कार्यालयात मी मराठीत अर्ज भरायला गेलो असता ‘सिस्टम देवनागरी घेत नाही’ असे उत्तर मिळाले आणि मी मुकाट्याने रोमनमध्ये नाव लिहून परत आलो. रकान्यात फक्त रोमन अक्षरे चालतील हा नियम यंत्राने केलेला नसतो. काम सांगणाऱ्याने किंवा करणाऱ्याने तो घातलेला असतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी वापर करता येईल अशी तरतूद झाली. दोन्ही भाषांची लिपी एकच असताना देवनागरी न घेणारा रकाना दोघींनाही दाराबाहेर ठेवतो, आणि या एका मागणीसाठी तरी मराठी व कोकणीवाद्यांनी एकत्र सही करायला काय हरकत आहे?

अशी तक्रार ॲपला एक तारा देऊन किंवा फेसबुकवर चार ओळी लिहून होत नाही. बिघाडाचे नुसते छायाचित्र न पाठवता मूळ मजकूर, फोनचे मॉडेल, ॲपची आवृत्ती आणि नेमके काय दाबल्यावर काय झाले, हे क्रमाने लिहावे. मग दुरुस्त करणाऱ्याला तो बिघाड स्वतःच्या यंत्रावर पाहता येतो. निर्णयाबद्दलची तक्रार मात्र संबंधित खात्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. उत्तर ‘तांत्रिक अडचण’ एवढेच आले, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या प्रणालीच्या निविदेतील भाषाविषयक अटींची प्रत मागावी. ‘का’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा कागदाची प्रत मागितलेली बरी, कारण हा कायदा असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.