वेबसाईट सुधारून घ्यायची तर कुणाला गाठायचं, काय दाखवायचं

एखाद्या संस्थेची वेबसाईट आपल्याला, अंधांना, वापरता येत नसेल तर सुरुवातच तक्रारीच्या लांबलचक पत्राने करू नका. 'आयटीकडे पाठवले' असा शेरा पडून ते फायलीत जातं. मी जन्मांध आहे. माझं रोजचं काम एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. काही संस्थांच्या मागे लागून जे जमलं, ते सांगते.

आधी एकच काम निवडा. 'तुमची साईट दिव्यांगस्नेही नाही' म्हटलं की समोरचा 'बघू' म्हणतो आणि विसरतो. 'ठेवीच्या नूतनीकरणाचा अर्ज मला भरता येत नाही' म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

मग वेळ मागून लॅपटॉपसकट जा. हेडफोन नको, स्पीकर मोठा ठेवा. स्क्रीन झाका आणि कीबोर्डवरची टॅबची कळ साहेबांनाच दाबायला सांगा. एका पतसंस्थेत मी हेच केलं. अर्जाच्या पहिल्या चौकटीवर एनव्हीडीए म्हणाला, "एडिट, ब्लँक." दुसरीवर तेच, तिसरीवरही तेच. नाव कुठे लिहायचं नि पॅन कुठे, साहेबांना उमगेना. शेवटी आलं, "बटन." नुसतं बटन.

"हे सबमिट की रद्द?" त्यांनी मला विचारलं.

"साईट तुमची, तुम्हीच सांगा."

त्यानंतर बोलणं सोपं गेलं.

दुरुस्ती काय हवी तेही तिथल्या तिथे सांगा: चौकटींना लेबल, बटनाला नाव. मराठी साईटवर आणखी दोन दुखणी नेहमीची. पानाच्या कोडमध्ये भाषा 'ईएन' (इंग्रजी) अशी लिहिलेली असते, तिथे 'एमआर' (मराठी) हवं. नाहीतर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडतो. दुसरं पीडीएफचं. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं परिपत्रक डोळ्यांना सुबक दिसतं, पण माझ्या कानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी पडते. स्कॅन केलेलं असेल तर तेवढंही नाही.

"असे सभासद कितीसे असणार?" हे ऐकायला मिळणारच. आकड्यांच्या वादात शिरू नका. मोतीबिंदू झालेल्या एखाद्या संचालकालाच पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं वाचायला लावा. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाईट दिव्यांगांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष. त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट लागतो. आणि "व्हेंडरने सुगम्यतेचं प्लगइन बसवलंय" म्हणाले तर हसू आवरा. कोपऱ्यातल्या त्या चिन्हाने अक्षरं मोठी होतात, पण बिननावाच्या बटनाला त्यामुळे नाव मिळत नाही.

खरी मेख व्हेंडरच्या एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात असते. तिचं नूतनीकरण कधी आहे ते हिशेबनिसाकडून काढून घ्या आणि त्याआधी करारात ही अट घालायला लावा: 'डब्ल्यूसीएजी २.१, पातळी एए. नुसत्या कीबोर्डने, स्क्रीन रीडर लावून, अर्ज पूर्ण भरून दाखवल्याशिवाय अंतिम बिल मिळणार नाही.' बिल अडलं की लेबलं लावायला वेळ निघतो, हा माझा अनुभव आहे. सरकारी कार्यालय असेल तर सरकारी वेबसाईटसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. डिजिटल सुगम्यतेचं भारतीय मानक आयएस १७८०२ सुद्धा आहेच.

कायदा खिशात असू द्या, पण पहिल्याच भेटीत काढू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा चालणार नाहीत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये तर डिजिटल सेवा वापरता येणं राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्कातच धरलं. सरकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या.  तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जा.

आणि 'झालं, बघा' असा फोन आला की लगेच आभाराचं पत्र पाठवू नका. अर्ज शेवटपर्यंत भरा, पावती क्रमांक ऐकू येईपर्यंत. ओटीपीची चौकट हमखास राहून गेलेली असते.